पाटी रिकामी राहिली म्हणजे अळीने नाकारली असं नव्हे

दिवाळीची सुट्टी संपली की एमएस्सीची दोन-तीन मुलं माझ्याकडे फोटो घेऊन येतात. जेट्टीला दोरीने टांगलेल्या फरशा, त्यांवर चिकटलेली बार्नॅकल (खडकांना कायमचे चिकटून राहणारे, कडक कवचाचे छोटे समुद्री प्राणी) आणि खाली ठळक अक्षरांत निष्कर्ष: ‘अळ्यांना खडबडीत पृष्ठभाग आवडतो.’ फरशी पाण्यात किती दिवस होती? महिनाभर. मधे किती वेळा पाहिलीत? एकदाही नाही. मग अळ्यांना काय आवडलं हे त्यांना कळलेलं नाही, महिन्याअखेर कोण जिवंत उरलं एवढंच कळलंय.

बार्नॅकल, कालवं, नळीकृमी, ब्रायोझोआ (वसाहतीने राहणारे सूक्ष्म प्राणी) या सगळ्यांची पिल्लं आधी पाण्यात तरंगतात. पुस्तकात त्यांना डिंभ म्हणतात, मी अळी म्हणेन. योग्य जागा मिळाली की अळी बसते आणि तिचं रूपांतर होतं. ही निवड मुंबईच्या किनाऱ्यावर, कमी खर्चात आणि नीट कशी पाहायची, ते पुढे पायरी-पायरीने दिलं आहे. क्रम बदलू नका. चुका बहुतेक क्रमातच होतात.

पायरी १ : ‘बसली’ म्हणजे नक्की काय, ते आधी वहीत लिहा

पाटीवर, म्हणजे पाण्यात टांगलेल्या फरशीच्या तुकड्यावर, एक बार्नॅकल दिसायला पाच गोष्टी घडाव्या लागतात. अळी तिथवर पोहोचली. तिने जागा तपासली. ती चिकटली. तिचं रूपांतर झालं. आणि तुम्ही बघेपर्यंत ती जगली. यातली दुसरी आणि तिसरी गोष्ट म्हणजे निवड. पहिली प्रवाहाच्या हातात, पाचवी खेकडे, मासे, गाळ आणि उन्हाच्या.

बार्नॅकलचंच घ्या. अंड्यातून निघालेली अळी सहा अवस्थांतून जाते आणि मग तिची सायप्रिड होते. सायप्रिड काही खात नाही, आधी साठवलेल्या चरबीवर जगते. पुढच्या दोन शृंगिकांवर (मिशांसारख्या अवयवांवर) पाय टाकल्यासारखी ती पृष्ठभागावर चालते, थांबते, वळते, नाही पटलं तर सुटून पुन्हा पोहायला लागते. चालताना मागे प्रथिनांचे ठसे सोडते आणि त्यांचा माग दुसऱ्या सायप्रिडला लागतो. पटलं की सिमेंट सोडते आणि डोकं खाली करून कायमची चिकटते. पुढे जन्मभर पायांनी अन्न ओढून खाते. एकदा बसली की खोली बदलता येत नाही, म्हणून आधीचा तपास एवढा कसून. चरबी संपत आली की मात्र तिचा चोखंदळपणा कमी होतो. आधी नाकारली असती अशी जागाही मग चालते.

म्हणून वहीत तीन रकाने आखा: ‘चिकटलेली, रूपांतर न झालेली’, ‘रूपांतर झालेली’ आणि ‘मेलेली किंवा रिकामं कवच’. एकच रकाना आखलात तर पुढचं सगळं वाया.

पायरी २ : एकच प्रश्न ठरवा

‘खडबडीत की गुळगुळीत’ हा एक प्रश्न झाला. ‘जिवाणूंचा बुळबुळीत थर धरलेली पाटी की कोरी’ हा दुसरा. ‘वरची बाजू की खालची’ तिसरा. ‘शेजारी मोठी बार्नॅकल असलेली की नसलेली’ चौथा. चारही एकदम विचारायचे तर चाळीसेक पाट्या लागतील आणि त्या मोजायला तुम्हाला उन्हाळा पुरणार नाही.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक इथेच होते. खडबडीत म्हणून काळा कडप्पा घेतात आणि गुळगुळीत म्हणून पांढरी ग्लेझ्ड टाइल. कडप्प्यावर जास्त अळ्या बसल्या, तर त्या खडबडीतपणामुळे बसल्या, काळ्या रंगामुळे की दगडामुळे? बसायला तयार झालेल्या बऱ्याच अळ्या उजेडापासून दूर, काळोख्या जागी जातात. म्हणजे रंग हेच उत्तर असू शकतं. दोन्ही पाट्या एकाच कडप्प्याच्या घ्या. एक पॉलिशची बाजू, एक घासून खडबडीत केलेली. बाकी सगळं सारखं.

प्रत्येक प्रकारच्या किमान पाच पाट्या हव्यात. तीन घेतल्या आणि एक दोरी तुटली की उरतात दोन, आणि दोरी तुटतेच.

पायरी ३ : जागा, परवानगी आणि पाण्याचं गणित

मुंबईत उधाणाला भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या पुढे जातो. धक्क्याच्या कठड्याला मोजून दोन मीटर दोरी बांधली, तर पाटी दिवसातून दोनदा हवेत लोंबकळते आणि उन्हात भाजते. मी पहिल्यांदा हेच केलं होतं. अष्टमीला, भांगाच्या पाण्यात (भरती-ओहोटीतला फरक सगळ्यात कमी असतो तेव्हा), पाट्या सोडल्या. ओहोटीलाही त्या पाण्यातच होत्या म्हणून खूश होऊन घरी आलो. पौर्णिमेला गेलो तर सगळ्या पाट्या वाळलेल्या, आणि एका कोळी मामांनी शांतपणे विचारलं, “मास्तर, ह्या कपडे वाळत घालायला लावल्यात काय?”

वेळेचा अंदाज घ्यायला किनाऱ्यावरचा जुना हिशोब चालतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. हा हिशोब अर्धा-पाऊण तास चुकू शकतो. खडकावर उतरायचं असेल तर भरतीचं छापील वेळापत्रक बघूनच जा.

जागेचे दोन पर्याय. तरंगता धक्का किंवा नांगरलेली होडी मिळाली तर उत्तम, कारण पाण्याबरोबर पाटीही वरखाली होते आणि तिची खोली कायम राहते. ते नसेल तर खांबाला अशा पातळीवर पाटी लावा की उधाणाच्या ओहोटीलाही ती बुडालेली राहील. ही पातळी ठरवायला पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीची ओहोटी स्वतः जाऊन बघा.

परवानगीशिवाय काही टांगू नका. ससून डॉक आणि भाऊचा धक्का बंदराच्या ताब्यात आहेत. तिथे विद्यार्थ्याने दोरी बांधत बसणं सुरक्षारक्षकाला अजिबात आवडत नाही. वर्सोवा, मढ, वरळी अशा कोळीवाड्यांत आधी तिथल्या मच्छीमार सहकारी संस्थेत जा, महाविद्यालयाचं पत्र द्या आणि कोणाच्या होडीच्या वाटेत पाट्या येणार नाहीत ना, ते विचारा. नुकताच तळ रंगवलेली होडी शेजारी असेल तर ती जागा सोडा. तळाच्या रंगात तांबं असतं, आणि ते अळ्यांना मारण्यासाठीच घातलेलं असतं.

काळ ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात खाड्यांचं पाणी गोडसर आणि गढूळ होतं आणि लाटा पाट्या ठेवत नाहीत.

> इशारा : हाजी अली, वरळी, मरीन ड्राइव्हच्या खडकांत प्रवाळ आहेत. प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे. प्रवाळ उचलू नका, तोडू नका, त्यावर पाटी टेकवू नका. जवळचा गुलाबी, दगडासारखा कडक शेवाळाचा थरही खरवडू नका. अनेक प्रवाळांच्या अळ्या अशाच थराच्या खुणेवर बसतात.

पायरी ४ : पाट्या तयार करा

कडप्प्याचे उरलेले तुकडे कोणत्याही फरशीच्या दुकानात मिळतात. १० × १० सेंटिमीटरचे कापून घ्या आणि दोन कोपऱ्यांना भोकं पाडून घ्या. मशीनवर हे दुकानदारच करून देतो. जुना सिमेंटचा पत्रा फुकट मिळतो म्हणून घेऊ नका. त्यात अॅस्बेस्टॉस असू शकतो आणि तो कापताना उडणारी धूळ फुप्फुसात जाते.

पाट्या ब्रशने धुवा. साबण नको. मग गोड्या पाण्यात चार-पाच दिवस भिजवा, पाणी रोज बदला. प्लॅस्टिकच्या पाट्या वापरत असाल तर भिजवणं अजिबात चुकवू नका, कारण नव्या प्लॅस्टिकमधून रसायनं सुटतात.

नंबर मार्करने लिहू नका, आठवड्यात पुसला जातो. कडेला खाचा पाडा: पहिल्या पाटीला एक, दुसरीला दोन. दहाच्या पुढे गेलात तर दुसऱ्या कडेला दहाची खाच. कोणती खाच कोणत्या प्रकारची, ते फक्त वहीत असू द्या. मोजणाऱ्याला ते कळता कामा नये, पुढे याचा उपयोग होणार आहे.

पायरी ५ : पाटीला थर धरू द्या

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात, आणि खरी गोष्ट इथेच आहे.

स्वच्छ दगड समुद्रात टाकला की काही मिनिटांत त्यावर सेंद्रिय रेणूंचा पातळ पापुद्रा बसतो. काही तासांत जिवाणू येतात, काही दिवसांत डायटम, म्हणजे एकपेशीय सूक्ष्म शेवाळ. हा बुळबुळीत थर अनेक अळ्यांसाठी घराच्या पाटीसारखा असतो, जागा कशी आहे ते त्यावरून कळतं. हायड्रॉइडिस एलेगन्स या नळीकृमीची अळी साधारण पाच दिवसांत बसण्याजोगी होते आणि बसण्यासाठी जिवाणूंच्या थराची खूण शोधते. सगळेच जिवाणू ती खूण देत नाहीत. एका जातीचे जिवाणू दाबलेल्या स्प्रिंगसारख्या सूक्ष्म नळ्या तयार करतात आणि त्या नळ्यांच्या संपर्काने अळीचं रूपांतर सुरू होतं. बार्नॅकलच्या बाबतीत स्वजातीचा वासही तितकाच जोराचा असतो: मोठ्या बार्नॅकलच्या अंगावरचं प्रथिन सायप्रिडला ‘इथे आपले लोक जगलेत’ असं सांगतं.

म्हणजे कोरी पाटी सोडली तर पहिल्या आठवड्यात ती रोज वेगळी पाटी असते. तुम्ही खडबडीतपणा तपासताय असं समजता आणि अळी थराचं वय तपासत असते. खडबडीत पाटीवर थर लवकर धरत असेल तर गोंधळ आणखी वाढतो.

उपाय सोपा आहे. सगळ्या पाट्या सात दिवस एकाच टबात ठेवा. पाणी त्याच जागेचं आणा, कॉफीच्या फिल्टर पेपरातून गाळा आणि रोज बदला. मत्स्यालयाचा हवेचा पंप लावा, टब सावलीत ठेवा. चहाची गाळणी किंवा पातळ फडकं चालणार नाही. सायप्रिड जेमतेम अर्धा मिलिमीटर असते, नळीकृमीची अळी त्याहूनही लहान, आणि त्या टबातच बसून जातील.

तपासा: सातव्या दिवशी पाटीवरून बोट फिरवा (कडेवरून, मधून नाही). हलकं बुळबुळीत लागलं पाहिजे. कुबट वास येत असेल तर हवा कमी पडली आहे. पाट्या धुऊन पुन्हा सुरुवात करा. आठवडा गेला म्हणून वाईट वाटेल, पण पुढचे दोन महिने वाचतात.

पायरी ६ : टांगणी

पाट्यांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा. सगळ्या खडबडीत एका दोरीवर आणि सगळ्या गुळगुळीत दुसरीवर लावल्या तर तुम्ही पाट्यांची नाही, दोऱ्यांची तुलना करताय. सगळ्या एकाच खोलीवर, एकमेकींपासून निदान वीतभर अंतरावर आणि एकाच दिशेला तोंड करून लावा.

नायलॉनची दोरी आणि प्लॅस्टिकचे केबल टाय वापरा. तांब्याची किंवा पितळेची तार कदापि नको. भोकाभोवती स्वच्छ, रिकामं वर्तुळ राहिलेलं एखाद्या विद्यार्थ्याच्या फोटोत दिसलं की मी आधी तार कसली होती ते विचारतो. लोखंडी तार गंजते आणि तुटते. तळाला वजन म्हणून वीट बांधा, नाहीतर ओढीबरोबर पाट्या गरगर फिरतात.

पाट्या आडव्या लावल्या तर वरच्या बाजूवर गाळ साचतो, आणि मुंबईच्या पाण्यात गाळाला तोटा नाही. वरची आणि खालची बाजू नेहमी वेगळी मोजा. फक्त वरची बघून ‘काही बसलंच नाही’ म्हणणारे दरवर्षी भेटतात. पाटी उलटी केली की खाली गर्दी असते.

आणि साक्षीदार पाटी विसरू नका. प्रयोगातल्या पाट्यांसोबत अशी एक पाटी लावा जिच्यावर अळ्या बसायला काहीच अडचण नाही: खडबडीत, थर धरलेली, आणि त्याच जेट्टीच्या खांबावरून काढलेल्या दोन-चार जिवंत बार्नॅकलचा छोटा दगड शेजारी बांधलेली. ही मोजणीत धरायची नाही. हिच्यावरही काही बसलं नाही तर त्या आठवड्यात पाण्यात बसण्याजोग्या अळ्याच नव्हत्या, किंवा पोहोचल्या नाहीत. अशा वेळी बाकीच्या पाट्या रिकाम्या असण्याचा अर्थ शून्य. साक्षीदार भरलेली आणि गुळगुळीत पाट्या रिकाम्या असतील, तरच नकाराबद्दल बोलता येईल.

> इशारा : कालवांच्या कडा सुरीसारख्या असतात आणि शहराचं सांडपाणी याच पाण्यात येतं. जाड हातमोजे आणि पकड असलेले बूट घाला, धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असू द्या. खडकावर एकटे जाऊ नका. पाणी फिरलं की काम अर्धवट टाकून परत फिरा. वांद्र्याच्या बँडस्टँडच्या खडकांत पाणी तुमच्या मागच्या बाजूने आधी भरतं, हे बऱ्याच जणांना वेळेवर कळत नाही.

पायरी ७ : पहिल्या, तिसऱ्या आणि सातव्या दिवशी बघा

निवड बघायची तर लवकर बघा. महिन्याने बघायला हरकत नाही, फक्त त्याला ‘भरती झालेले’ (बसून तोवर जगलेले) म्हणा, ‘निवडलेले’ म्हणू नका. काही अळ्यांची घाई तर विलक्षण असते. बुगुला या ब्रायोझोआची अळी काही तासांतच बसते: सुटल्याबरोबर उजेडाकडे जाते आणि थोड्या वेळाने उजेडापासून दूर. कालवाची अळी उलट दोन-तीन आठवडे पाण्यात असते, मग तिला पाय आणि डोळ्याचा ठिपका येतो आणि ती सरपटत जागा बघते.

पाटी काढताना बादली पाण्याखाली नेऊन तिच्यातच घ्या. हवेत उचललीत तर सैल बसलेल्या अळ्या पाण्याबरोबर ओघळून जातात. नेताना झाकण लावा, सावलीत ठेवा. प्रयोगशाळेत ट्रेमध्ये त्याच जागेचं समुद्राचं पाणी घालून, पाटी बुडवूनच भिंगाखाली बघा. दहापट भिंगाने सुरुवात करता येते, पण चिकटलेली आणि रूपांतर झालेली वेगळी ओळखायला २० ते ४० पट दाखवणारा सूक्ष्मदर्शक हवा.

गाळ धुवायला नळाचं पाणी वापरू नका. गोड्या पाण्याने अळ्या फुगून मरतात आणि तिसऱ्या रकान्यात तुम्हीच भर घालता. ड्रॉपरने समुद्राचंच पाणी हलकेच मारा. तासाभरात पाटी परत जागेवर गेली पाहिजे. ते जमणार नसेल तर प्रत्येक दिवसासाठी वेगळा संच लावा आणि काढलेला परत लावू नका.

पायरी ८ : कोण आहे ते ओळखा

सायप्रिड दोन शिंपल्यांत मिटलेल्या, तपकिरी, तिळाहून बारीक दाण्यासारखी दिसते. ड्रॉपरच्या पाण्याने निघून गेली तर ती चिकटलेलीच नव्हती, फक्त फिरत होती. रूपांतर झालं की तिथे कडेला छोटे पत्रे असलेलं पांढरट वर्तुळ दिसतं. नळीकृमी म्हणजे खडूने ओढलेली बारीक वळणदार रेघ. कालवाचं पिल्लू चपटं, चकचकीत खवल्यासारखं, डाव्या शिंपल्याने चिकटलेलं. बुगुला कोवळ्या झुडपाच्या एकाच फांदीसारखी. पारदर्शक, जेलीचा थेंब वाटतो तो बहुधा ॲसिडियन. त्याची अळी बेडकाच्या पिल्लासारखी शेपटीची असते आणि बसल्यावर शेपूट आत ओढून घेते.

जातीपर्यंत ओळखायचा हट्ट पहिल्या आठवड्यात धरू नका. ‘बार्नॅकल’, ‘नळीकृमी’ एवढं पुरे. पोटतिडकीने जात लिहून नंतर खोडणाऱ्या वह्या मी खूप पाहिल्या आहेत.

पायरी ९ : मोजणी आणि निष्कर्ष

पारदर्शक कागदावर एक सेंटिमीटरची जाळी छापून पाटीवर ठेवा. कडेचा एक सेंटिमीटर सोडा. कडेला पाण्याची हालचाल वेगळी असते आणि अळ्या तिथे कधी फार, कधी अगदीच कमी असतात. मोजणारा आणि खाचांची यादी माहीत असलेला, ही दोन वेगळी माणसं असावीत. आपल्याला हवं ते उत्तर डोळे शोधतातच, प्रामाणिक माणसाचेसुद्धा.

आता आकडेमोडीतली मोठी चूक. पाच पाट्यांवर मिळून ६०० बार्नॅकल मिळाली, म्हणून नमुना ६०० चा धरतात. तो पाचचा आहे. सायप्रिड एकमेकींच्या मागावर बसतात, पहिल्या दहा कुठे बसल्या त्यावर पुढच्या शंभर ठरतात. प्रत्येक पाटीचा एक आकडा घ्या आणि पाच विरुद्ध पाच अशी तुलना करा. एका पाटीवर ४०० आणि बाकी चारांवर प्रत्येकी ५० असतील तर सरासरी १२० येते, आणि तसली एकही पाटी तुमच्याकडे नाही. म्हणून पाचही आकडे छापा, नुसती सरासरी नको.

निष्कर्ष लिहिण्याआधी हे तीन प्रश्न विचारा. साक्षीदार पाटी भरली होती का? पहिल्या आणि सातव्या दिवसाच्या आकड्यांत ‘मेलेली’ किती वाढली? खडबडीत आणि गुळगुळीत पाटीत खडबडीतपणा सोडून आणखी काय वेगळं होतं? पहिल्याच दिवशी दोन्हींवर सारख्या चिकटल्या आणि सातव्या दिवशी गुळगुळीतवरच्या नाहीशा झाल्या, तर अळीने काही निवडलं नाही. खाचांत बसलेल्या वाचल्या, एवढंच. हाही निकाल चांगला आहे, मात्र त्याचं नाव वेगळं.

शेवटचं काम : पाट्या परत आणा

एका खाडीतल्या भरलेल्या पाट्या दुसऱ्या खाडीत ‘तिथेही बघू’ म्हणून लावू नका. मुंबई बंदरात मायटिलॉप्सिस साली हा परदेशातून आलेला छोटा शिंपला आधीच ठाण मांडून आहे. असे पाहुणे वस्तूंना चिकटूनच पसरतात. पाट्या, दोऱ्या, केबल टाय सगळं मोजून काढा आणि किनाऱ्यापासून दूर गच्चीवर आठवडाभर कडक उन्हात वाळवा. मग खरवडून निघालेला कचरा ओल्या कचऱ्यात टाका, नाल्यात नको. विटाही वर घ्या, कोळ्यांच्या जाळ्यात अडकतात. कडप्पा ब्रशने घासून पुढच्या वर्षीसाठी ठेवता येतो. फक्त खडबडीत पाट्यांच्या खाचांत जुन्या बार्नॅकलच्या तळाच्या चकत्या उरल्या नाहीत ना, ते भिंगाने बघा. उरल्या असतील तर त्या पाट्या पुढच्या प्रयोगात वापरू नका. त्या चकत्यांचाही सायप्रिडला माग लागतो.